विज्ञान प्रकल्प करणाऱ्या मुलांना संशोधनातील नीतीचा विचार करायला कसे शिकवावे

मराठी शाळेतून दहावीपर्यंत पोहोचलेल्या जवळपास प्रत्येक विद्यार्थ्याने ‘विज्ञान : शाप की वरदान’ हा निबंध एकदा तरी लिहिलेला असतो. त्यात आधी वीज आणि लसी येतात, मग हिरोशिमा येते, आणि शेवटी विज्ञान वाईट नसते, वापरणारा माणूस वाईट असतो, असे लिहून विद्यार्थी मोकळा होतो. हाच विद्यार्थी पुढच्या महिन्यात ‘आमच्या वर्गातील मुलांचे पोषण’ असा प्रकल्प घेतो, सगळ्यांची उंची आणि वजने नावांसकट तक्त्यावर मांडतो आणि तो तक्ता तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात टांगतो. सर्वांत कमी वजनाच्या मुलीचे नाव येणारेजाणारे वाचत राहतात. निबंध लिहिणाऱ्याला त्यात काही खटकत नाही, कारण नीतीचे प्रश्न अणुबाँब बनवणाऱ्यांना पडतात, आपल्याला नाही, एवढेच त्या निबंधाने त्याला शिकवलेले असते.

राष्ट्रीय बालविज्ञान परिषद, इन्स्पायर मानक किंवा डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेतील कृतिसंशोधन अशा निमित्ताने मुलांचे प्रकल्प करून घेणाऱ्या शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी हे लेखन आहे. त्यामागचा आग्रह एकच आहे : नीतीचा विचार मुलाच्या स्वतःच्या, हातातल्या प्रकल्पातून सुरू व्हावा आणि पहिले मोजमाप घेण्याआधी सुरू व्हावा. अहवाल टंकलिखित झाल्यावर शेवटी जोडलेल्या ‘आम्ही सर्व नियम पाळले आहेत’ या वाक्याला फारसा अर्थ नसतो.

आधी जर्नल

सुरुवात प्रयोगशाळेतल्या जर्नलपासून करावी, कारण खोटेपणाचे पहिले धडे तिथेच गिरवले जातात आणि ते आपल्या डोळ्यांदेखत गिरवले जातात. साध्या लंबकाचा प्रयोग घ्या. लांबी १०० सेंटिमीटर असेल तर वीस आंदोलनांना ४० सेकंदांहून किंचित जास्त वेळ लागतो. स्टॉपवॉच हाताने दाबणाऱ्याला ३९.८, ४०.४, ४०.१ अशी वाचने मिळणे अगदी स्वाभाविक आहे. पण अकरावीची जर्नले तपासायला घेतली, की बहुतेकांचे गुरुत्वत्वरण पुस्तकातल्या ९८० सेंमी/सेकंद² या किमतीच्या आगेमागे येते आणि आलेखातला एकही बिंदू रेषा सोडून जात नाही. मुलांनी आधी उत्तर धरलेले असते, मग उलटे गणित करून वाचने लिहिलेली असतात. ‘रीडिंग जुळवणे’ हा शब्दप्रयोग त्यांना कोणी मुद्दाम शिकवत नाही, तो वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे आपोआप येतो. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. जुळलेल्या वाचनाला पूर्ण गुण आणि न जुळलेल्या वाचनाला ‘पुन्हा करा’ असा शेरा मिळत असेल, तर शहाणे मूल काय करील हे उघड आहे.

यावर उपाय गुणदानातूनच करावा लागतो. वाचने कच्च्या कागदावर घेऊन नंतर जर्नलमध्ये उतरवण्याची पद्धत बंद करावी; ती थेट वहीत, पेनाने लिहावीत आणि चुकलेले वाचन खोडरबराने न पुसता त्यावर एकच आडवी रेघ मारून शेजारी कारण लिहावे. उत्तर ९८० पासून दूर का गेले याच्या स्पष्टीकरणाला, बरोबर उत्तराला असतात तेवढेच गुण ठेवावेत. शक्य असेल तेव्हा उत्तर आधी माहीत नसलेले प्रयोग द्यावेत : शाळेच्या आवारातील मातीची पाणी धरून ठेवण्याची क्षमता कोणत्याही मार्गदर्शकात छापलेली नसते, त्यामुळे जुळवायला काहीच उरत नाही.

वरच्या वर्गांना यान हेंड्रिक शोन याचे प्रकरण सांगावे. अमेरिकेतील बेल लॅब्समधला हा तरुण भौतिकशास्त्रज्ञ नामांकित नियतकालिकांत शोधनिबंधांमागून शोधनिबंध छापत होता. वेगवेगळ्या उपकरणांच्या म्हणून दिलेल्या त्याच्या आलेखांत बारीक चढउतारही हुबेहूब सारखे आहेत, हे इतर शास्त्रज्ञांच्या लक्षात आले आणि २००२ साली चौकशीत बनावट सिद्ध झाली. मोजमापातला किरकोळ गोंधळ दोन वेळा तंतोतंत तसाच येत नसतो. त्यामुळे ‘फार स्वच्छ’ विदेकडे (डेटाकडे) संशयाने पाहायला मुले या एका गोष्टीतून शिकतात, आणि स्वतःच्या वेड्यावाकड्या बिंदूंची त्यांना लाज वाटेनाशी होते. भारतातले उदाहरण हवे असेल तर पंजाब विद्यापीठातील विश्वजित गुप्ता यांचे आहे. हिमालयात सापडले म्हणून त्यांनी वर्णन केलेले अनेक जीवाश्म प्रत्यक्षात परदेशांतले असल्याचे ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलंट यांनी १९८९ साली ‘नेचर’मध्ये मांडले. ही गोष्ट सांगून झाल्यावर दगड, पाने किंवा माती गोळा करणाऱ्या मुलांना पिशवीवर जागच्या जागी चिठ्ठी लावायला सांगावे : ठिकाण, तारीख, खोली, गोळा करणाऱ्याचे नाव. घरी येऊन आठवून लिहिलेली चिठ्ठी ग्राह्य धरू नये.

विषय ठरताना विचारायचे प्रश्न

विषय नोंदवण्याआधी विद्यार्थ्याला तीन गोष्टी स्वतःच्या शब्दांत लिहायला लावाव्यात. या प्रकल्पात त्रास, धोका किंवा संकोच झालाच तर तो कोणाला होईल. निष्कर्ष हाती आल्यावर तो सर्वांत आधी कोणाला कळायला हवा. आणि हीच माहिती दुसऱ्या कोणाच्या हाती गेली तर तिचे काय होऊ शकेल. उत्तरे अर्ध्या पानाची असली तरी चालतील, मात्र ‘कोणालाही त्रास होणार नाही’ हे उत्तर पहिल्या फेरीत स्वीकारू नये. ते बहुधा विचार न केल्याचे लक्षण असते.

त्यानंतर एक छोटी समिती बसवावी. मार्गदर्शक नसलेले एक शिक्षक, एक पालक, जवळच्या आरोग्य उपकेंद्रातील परिचारिका किंवा ओळखीचे डॉक्टर आणि वरच्या वर्गातील एखादा विद्यार्थी एवढी माणसे पुरतात. विद्यार्थ्याने आपली योजना तोंडी सांगावी आणि समितीने शंका विचाराव्यात. हा थाट शाळेला जड वाटू शकतो, पण अमेरिकेत भरणाऱ्या आयसेफ या शालेय विज्ञानमेळ्यात माणसे, पृष्ठवंशीय प्राणी किंवा रोगकारक ठरू शकणारे सूक्ष्मजीव यांच्याशी संबंधित प्रकल्पांना काम सुरू होण्यापूर्वीच मंजुरी घ्यावी लागते. आधी प्रयोग आणि मग सही असा क्रम तिथे चालत नाही. आपल्याकडे मात्र मार्गदर्शकाची सही बऱ्याचदा अहवालाची बांधणी झाल्यावर होते.

समितीने एखाद्या प्रकल्पाला नकार द्यावा लागला, तर तो पर्यायासह द्यावा. मोबाइलच्या पडद्यावरचे जिवाणू वाढवून पाहण्याचा प्रकल्प दर वर्षी कोणी ना कोणी आणतोच. तो बशी घट्ट बंद करून, एकदाही न उघडता, फक्त शाळेच्या प्रयोगशाळेत आणि शेवटी प्रेशर कुकरच्या वाफेत निर्जंतुक करून टाकून देण्याच्या अटीवर करता येतो, आणि तो कुकर पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही हेही आधीच ठरवावे लागते. घरी, आईच्या फ्रिजमध्ये, तो करू देऊ नये.

माणसांना प्रश्न विचारताना

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मुलांवरील संशोधनात पालकांची संमती तर लागतेच, शिवाय ७ ते १२ वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि १२ ते १८ वर्षांच्या मुलाचा लेखी होकार लागतो. ही तत्त्वे वैद्यकीय संशोधनासाठी आहेत, पण शाळेने त्यांतला विवेक उचलावा. आठवीतल्या मुलाला स्वतःविषयी ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार आहे, ही कल्पनाच आपल्या शाळांमध्ये फारशी रुजलेली नाही. ‘सरांनी सांगितले आहे’ एवढ्यावर पूर्ण वर्ग रांगेत उभा राहतो.

याचे टोक खम्मममध्ये दिसले. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यात २००९ साली मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस देण्याचा एक प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू झाला आणि २०१० मध्ये तो थांबवण्यात आला. पुढे संसदेच्या स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात त्यावर कठोर ताशेरे ओढले. आंध्रातील अनेक संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनांनी आणि मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. इथे वाद लशीच्या गुणाचा नाही, आणि मुलांशी बोलताना ते दोन मुद्दे काळजीपूर्वक वेगळे ठेवावेत, नाहीतर मुले घरी जाऊन लसच वाईट असल्याचे सांगतील. आश्रमशाळेत किंवा वसतिगृहाच्या शाळेत शिकवणाऱ्यांनी तर हे उदाहरण स्वतःसाठीच वाचावे. पालक दूर पाड्यावर असतात, स्पर्धेची तारीख तोंडावर आलेली असते आणि शिक्षकाच्या खिशात पेन असते.

संमतीपत्र विद्यार्थ्यांनी स्वतः लिहावे, इंटरनेटवरून उतरवू नये. ‘मी खाली सही करणार स्वखुशीने व कोणत्याही दबावाविना’ ही न्यायालयी भाषा समोरच्या मुलाला काहीच सांगत नाही. असे काहीतरी हवे : ‘आम्ही आठवीतल्या दोघी दप्तराचे वजन आणि पाठदुखी यांचा अभ्यास करत आहोत. तुझे दप्तर आम्ही एकदा तोलू आणि तुला पाच प्रश्न विचारू. तुझे नाव कुठेही लिहिणार नाही. नको असेल तर नाही म्हण, कारण सांगावे लागणार नाही. मध्येच थांबावेसे वाटले तरी चालेल.’ हे पत्र चौथीतल्या मुलाला वाचून दाखवावे, आणि त्याला ते परत सांगता आले तरच पक्के करावे.

पत्रापेक्षाही नकाराची तालीम अधिक उपयोगी पडते. दोन मुलांना समोर उभे करावे, एकाने सर्वेक्षणाला आल्यासारखे विचारावे आणि दुसऱ्याने नाही म्हणावे. विचारणाऱ्याने ‘ठीक आहे, धन्यवाद’ म्हणून निघून जायचे असते. पहिल्या खेपेला तसे क्वचितच होते. ‘अगं, पाचच मिनिटे’, ‘सगळ्यांनी दिले’, ‘नाहीतर आमचा नमुना पूर्ण होणार नाही’ अशी गळ घातली जाते आणि वर्ग हसतो. हसून झाल्यावर विचारावे, की यातले कोणते वाक्य दबाव टाकणारे होते. त्या अर्ध्या तासात मुलांना जे उमगते ते व्याख्यानातून उमगत नाही.

नावांऐवजी क्रमांक वापरणे हे आता पुष्कळांना ठाऊक असते. ओळख लपली की नाही हे तपासणे मात्र राहून जाते. नाव नसले तरी ‘सातवी ब, मुलगी, वडील वीटभट्टीवर’ एवढ्या तपशिलावरून गाव तिला ओळखते. जिथे एखाद्या गटात चार-पाचच मुले उरतात, तिथे तो गट दुसऱ्यात मिसळून टाकावा. सर्वेक्षण मोबाइलवरच्या फॉर्मने होणार असेल, तर डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक ठरतो आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती अपेक्षित आहे, हे ध्यानात ठेवून फॉर्ममधून फोन क्रमांक आणि ईमेलचे रकाने काढूनच टाकावेत. नको असलेली माहिती न घेणे हा सर्वांत सोपा बंदोबस्त आहे. आणि रक्ताचा थेंब काढण्याचे काम कोणत्याही परिस्थितीत विद्यार्थ्यांनी करू नये, मग बोटाला टोचायची सुई कितीही छोटी असो.

विहिरीच्या पाण्याचा प्रकल्प

गावातील पाण्याची तपासणी हा बालविज्ञान परिषदेतला नेहमीचा आणि चांगला विषय आहे, आणि नीतीचे जवळजवळ सगळे प्रश्न त्यात एकत्र भेटतात, म्हणून तो सविस्तर पाहू. समजा, विद्यार्थी सहा विहिरी आणि चार हातपंपांचे पाणी तपासतात आणि एका विहिरीच्या पाण्यात नायट्रेटची पट्टी गडद गुलाबी होते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत हवे. मुलांना शोध लागल्याचा आनंद होतो आणि तासाभरात पट्टीचे छायाचित्र गावाच्या व्हॉट्सॲप गटावर पडते. विहीर कोणाची हे सर्वांना माहीत असते. तो शेतकरी दूध विकत असेल, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या रतिबावर परिणाम होतो. पट्टी जुनी असल्यामुळे चुकीचा रंग आला असेल, तर नुकसान कोणी भरून द्यायचे?

उलट बाजूही तितकीच खरी आहे. नायट्रेट खरोखर जास्त असेल आणि त्या घरात बाटलीने दूध पिणारे तान्हे मूल असेल, तर प्रदर्शन होईपर्यंत महिनाभर गप्प बसणे धोक्याचे आहे, कारण जास्त नायट्रेटमुळे तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते. अशा वेळी भल्या हेतूने दिलेला अर्धवट सल्लाही घात करतो. ‘पाणी उकळून प्या’ हे मुलांच्या तोंडी बसलेले वाक्य आहे, पण उकळल्याने नायट्रेट जात नाही, पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण उलट वाढते. माहीत नसलेल्या विषयात सल्ला न देणे हेही नीतीत येते, हे या एका वाक्यावरून फार चांगले समजावता येते.

म्हणून नमुना घेण्याआधीच क्रम ठरवून लिहून ठेवावा. विहीर खासगी असेल तर मालकाला विचारावे आणि निष्कर्ष वाईट आला तर काय केले जाईल हेही तेव्हाच सांगावे. पट्टीने शंका दाखवली तर नवी पट्टी घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासावे. दुसऱ्यांदाही तसेच आले तर मालकाला घरी जाऊन, शिक्षकांसह, सांगावे. पाणी पिणारे तान्हे मूल घरात असेल, तर प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत त्याच्यासाठी दुसरीकडचे पाणी वापरण्याची विनंती त्याच भेटीत करावी. मग ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकामार्फत नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेकडे पाठवण्याची व्यवस्था करावी. तक्त्यावर विहिरींना क, ख, ग अशी अक्षरे द्यावीत आणि नकाशात ठिपके न दाखवता फक्त वाडीचा भाग दाखवावा. छायाचित्रे कोण काढणार, ती कोणाच्या फोनवर राहणार आणि कोणत्या गटावर जाणार नाहीत, हेही त्याच कागदावर असावे. फ्लोराइडसाठी प्रकल्प असेल तर क्रम हाच, मर्यादा वेगळी : लिटरला १ मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत.

प्राणी, वनस्पती आणि लोकांचे ज्ञान

प्राण्यांबाबत कायदाच बराचसा स्पष्ट आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम १७ मध्ये, पुस्तके, प्रतिकृती किंवा चित्रफिती यांनी काम भागत असेल तिथे प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत असे सांगितले आहे. रसेल आणि बर्च यांनी १९५९ साली मांडलेली तीन सूत्रे मुलांना सहज कळतात : प्राण्याऐवजी दुसरे काही वापरता येते का, नाहीच तर संख्या कमी करता येते का, आणि उरलेल्यांचा त्रास घटवता येतो का. गांडूळ किंवा मुंग्या यांच्याबाबतही तेच प्रश्न विचारायला लावावेत.

निसर्गनिरीक्षणात धोका ठिकाण जाहीर करण्याचा असतो. चीनमधल्या ‘गोनियुरोसॉरस लुई’ या पालीचे शास्त्रीय वर्णन १९९९ साली छापून आले आणि तिला पाळीव प्राण्यांच्या बाजारात एवढी मागणी आली, की मूळ ठिकाणाहून ती नाहीशी झाली. आंबोली किंवा कासच्या सहलीत मुलांनी टिपलेल्या दुर्मिळ बेडकाचे किंवा घुबडाच्या घरट्याचे छायाचित्र टाकताना फोनमधली स्थाननोंद काढून टाकायला शिकवावे.

औषधी वनस्पतींच्या प्रकल्पात मुले आजीला, वैदूला किंवा पाड्यावरच्या जाणत्या माणसाला विचारून माहिती जमवतात आणि अहवालात ‘संकलन’ म्हणून स्वतःचे नाव घालतात. हळदीने जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ साली पेटंट दिले गेले होते, आणि डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने आव्हान दिल्यावर ते १९९७ मध्ये रद्द झाले, ही गोष्ट त्यांना अभिमानाने माहीत असते. मग आपण पाड्यावरच्या आजीचे नाव गाळले तर काय केले, एवढेच विचारावे. नाव द्यायचे की नाही, आणि माहिती छापायची की नाही, हे मात्र तिलाच ठरवू द्यावे.

मोठे प्रश्न, वरच्या वर्गांसाठी

अकरावी-बारावीत गर्भजलपरीक्षेचे उदाहरण घ्यावे, कारण ते आपल्याच राज्याचे आहे. गर्भातील दोष ओळखण्यासाठी आलेले तंत्र १९७० च्या दशकापासून मुलगी नको म्हणून वापरले जाऊ लागले, मुंबईत त्याविरुद्ध स्त्रिया, डॉक्टर आणि कार्यकर्ते उभे राहिले, १९८८ साली महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला आणि १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. याची वादविवाद स्पर्धा करू नये, कारण तिथे मुले बाजू जिंकायला बोलतात. फळ्यावर वर्षे लिहावीत आणि प्रत्येक वर्षापाशी थांबून विचारावे : या क्षणी हा वापर कोणाला दिसू शकत होता, आणि तो थांबवणे कोणाच्या हातात होते? वर्गातील कोणाच्या घरी असे घडलेले असू शकते, हे लक्षात ठेवून वैयक्तिक अनुभव मात्र विचारू नयेत.

भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ रॉटब्लाट यांच्याबाबतही असाच काळक्रम मांडता येतो. जर्मनीकडे अणुबाँब तयार होत नाही हे कळल्यावर ते १९४४ च्या अखेरीस अणुबाँब प्रकल्पातून बाहेर पडले. १९९५ मध्ये त्यांना आणि अण्वस्त्रांविरुद्ध काम करणाऱ्या पगवॉश परिषदेला शांततेचे नोबेल मिळाले. त्यांच्यासारखीच माहिती मिळूनही जे प्रकल्पात राहिले, त्यांची कारणेही मुलांना शोधून आणायला सांगावीत. राहिलेल्यांना खलनायक ठरवले, की चर्चा पुन्हा शाप-वरदानाच्या निबंधावर येते.

बक्षिसाचा प्रश्न

हे सगळे करून जिल्हास्तरावर जाणारा प्रकल्प कधीकधी शेजारच्या शाळेच्या चकचकीत, अचूक आणि बहुधा कुणा काकांनी बनवून दिलेल्या प्रतिकृतीपुढे मागे पडतो. मुलांपासून ते लपवू नये. परीक्षक म्हणून आपल्याला बोलावले असेल, तर प्रत्येक गटाला एक प्रश्न जरूर विचारावा : ‘तुमचे कोणते वाचन अपेक्षेप्रमाणे आले नाही?’ ज्यांनी खरोखर काम केले आहे, ती मुले त्यावर बोलायचे थांबत नाहीत.

सर्वांत अवघड प्रसंग, एखादा विद्यार्थी येऊन हळूच सांगतो की जोडीदाराने रविवारची वाचने घरी बसून लिहिली, तेव्हाचा. सांगणाऱ्याचे नाव कोणाला सांगू नये आणि दुसऱ्याला वर्गासमोर उभेही करू नये. दोघांना शेजारी बसवून वाचनांची वही चाळावी, प्रत्येक नोंद कुठे, केव्हा आणि कोणत्या उपकरणाने घेतली हे विचारत जावे. बनावट नोंदीपाशी उत्तरे अडखळतात आणि बहुतेक वेळा मूल आपण होऊन कबूल करते. मग वेळ असेल तर ती वाचने आपल्या समोर पुन्हा घ्यावीत. वेळ नसेल तर त्या नोंदी रद्द कराव्यात, वीसऐवजी बारा वाचनांवर अहवाल तयार करावा, कोष्टकाखाली आठ वाचने का वगळली ते एका ओळीत लिहावे आणि त्या ओळीखाली मार्गदर्शक म्हणून आपली सही करावी.